वाचक विचारतात: जुना संगणक ठेवावा की काढावा?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि तेव्हापासून या सदराच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत राहिला आहे. कोणाला दुकानदाराने ‘आता हा टाकाच’ असे सांगितले आहे, कोणाला मुलाने पुण्याहून फोनवर तसे बजावले आहे, तर कोणाचा जीव हाताला सरावलेल्या यंत्रात अडकला आहे. सगळ्यांना एकच उत्तर देता आले असते तर हा मजकूर चार ओळींत आटोपला असता. पण ‘संगणक जुना झाला’ असे म्हणताना नेमके काय जुने झाले आहे, हे प्रत्येक पत्रात वेगळे निघते. या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न: मार्केट यार्डात आमचे हळद आणि बेदाण्याचे अडत दुकान आहे. संगणक २०१३ साली घेतला. त्याच्यावर ‘कोअर आय-३ ३२२०’ असे लिहिले आहे. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी आणि विंडोज १० आहे. टॅलीवरचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिल आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढाच वापर. सकाळी चालू केल्यावर कामाला लागायला त्याला सात-आठ मिनिटे लागतात. एकदा सुरू झाला की चालतो, पण नवीन काही उघडले की पुन्हा अडतो आणि सौद्याच्या गर्दीत शेतकरी पट्टीसाठी ताटकळतो. ज्यांच्याकडून घेतला, ते म्हणतात की यात पैसे घालण्यात अर्थ नाही. खरेच नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपल्या पत्रातील ‘एकदा सुरू झाला की चालतो’ हे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. प्रोसेसर कमी पडत असता तर वर्षाचा ताळेबंद काढतानाही संगणक तसाच रेंगाळला असता. आपला संगणक सुरू होताना आणि नवे काही उघडताना अडतो, म्हणजे ही लक्षणे हार्ड डिस्कची आहेत. खात्री करून घ्यायची असेल तर उद्या सकाळी तो सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’च्या रकान्यात शंभर टक्के आणि ‘सीपीयू’च्या रकान्यात त्याहून पुष्कळ कमी आकडा दिसला, तर प्रोसेसर हात बांधून बसला आहे आणि डिस्क धापा टाकते आहे असे समजावे.

याचे कारण डिस्कच्या रचनेतच आहे. आपल्याकडील डिस्कसारख्या नेहमीच्या डिस्कमधील तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यात आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. त्यामुळे अशी डिस्क एका सेकंदात जेमतेम सत्तर-ऐंशी निरनिराळ्या जागांवरून वाचू शकते. विंडोज १० ला सुरू होताना हजारो लहान फायली वाचायच्या असतात. पोते दर वेळी वेगळ्या गोदामातून आणायचे आणि हमाल मात्र एकच, तसा हा प्रकार आहे. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवण करणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम जागोजागी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते. म्हणून पहिला खर्च साटा नावाच्या नेहमीच्या जोडाला लागणाऱ्या २५६ जीबीच्या साध्या एसएसडीवर करावा, आणि जुनी डिस्क फक्त साठवणीसाठी आतच राहू द्यावी.

त्या काळातील स्वस्त संगणकांत बहुधा एच-६१ जातीचा मदरबोर्ड असे. त्यावरील साटा जोड सेकंदाला ३ गिगाबिटचा आहे आणि आजची एसएसडी ६ गिगाबिटची, म्हणून ‘या बोर्डावर ती वाया जाईल’ असेही आपल्याला कोणी सांगेल. मोठी फाइल उतरवून घेताना वेग निम्मा मिळेल, हे खरे आहे. पण आपले दुखणे लहान फायलींचे आहे आणि तिथे हा फरक हाताला जाणवत नाही. दुसरा खर्च रॅमचा. ४ जीबीमध्ये टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र नांदत नाहीत, म्हणून ती ८ जीबी करावी. या संगणकाला डीडीआर-३ जातीची आणि डेस्कटॉपसाठीची रॅम लागते. डीडीआर-४ त्या खाचेत बसतच नाही. रॅम वापरलेली घेतली तरी हरकत नाही, मात्र डिस्क कधीही वापरलेली घेऊ नये.

पैसे घालण्यापूर्वी कॅबिनेटचे झाकण एकदा काढून पाहावे, असा माझा आग्रह आहे. यार्डातील एका दुकानात मी असे झाकण काढले, तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखालील अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर हळदीच्या भुकटीचा, धुळीचा आणि पोत्याच्या तागाचा मिळून एक पिवळा थर नमद्यासारखा बसला होता आणि तो पापुद्र्यासारखा अखंड निघाला. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मालकाला तो ‘जुना झाला’ असे वाटते. मऊ ब्रशने ही धूळ काढावी, ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, आणि प्रोसेसरची उष्णता वरच्या पट्ट्यांकडे नेणारी, दहा वर्षांनी वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावून घ्यावी. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाचा रुपयाएवढा सेल असतो, तोही याच वेळी बदलावा. तो संपला की संगणकाची तारीख मागच्या एखाद्या वर्षावर जाते, सुरक्षा-प्रमाणपत्राची तारीख जुळत नसल्यामुळे बँकेचे आणि जीएसटीचे संकेतस्थळ उघडत नाही, आणि लोक व्हायरस शोधत बसतात. संगणक मध्येच आपोआप बंद होऊन सुरू होत असेल तर त्याला दोष देण्याआधी यूपीएसची बॅटरी तपासावी. दोन-तीन वर्षांत ती दम सोडते.

इथपर्यंत सगळे आपल्या संगणकाच्या बाजूचे झाले. आता त्याची खरी मर्यादा सांगतो. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. आपला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा आहे. आडवाटेने विंडोज ११ चढवून देणारे पुष्कळ भेटतात, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावरून शेतकऱ्यांचे पैसे जातात, त्याच्यावर मी हा प्रयोग करणार नाही. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती सामान्य ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर वेगळे पैसे भरावे लागत नाहीत, अन्यथा ३० डॉलर शुल्क आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली मिळते, पण तिच्यासाठी टॅलीची स्वतंत्र आवृत्ती नसल्यामुळे आपल्याला विंडोज सोडून जाता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून माझे मत असे की हा संगणक ठेवावा, पण मुदत लावून ठेवावा. एसएसडी आणि रॅमवरचा खर्च नव्या संगणकाच्या मानाने फार लहान आहे, आणि पुढे संगणक बदलला तरी एसएसडी त्यात बसवता येते. विक्रेत्याने दिलेला निष्कर्ष अगदीच चुकीचा नाही. त्याने दिलेले कारण चुकीचे आहे. आपला संगणक हळू आहे म्हणून नव्हे, तर त्याला सुरक्षा-दुरुस्ती मिळणे बंद होईल म्हणून बदलायचा आहे.

बदलण्याची वेळ येईल तेव्हा कोराच घेतला पाहिजे असे नाही. कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले संगणक पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात आणि आपल्याकडील दुकानदारही ते मागवून देतात. तिथे ‘आय-५ आहे, घ्या’ एवढ्यावर पिशवी उघडू नये. आकडा पूर्ण वाचावा: आय-५ २४०० मधील पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, साल २०११, आय-३ ८१०० मधील ८ म्हणजे आठवी पिढी, साल २०१७. दोघांनाही चारच कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, आहेत, तरी नावाने धाकटा दिसणारा हा आय-३ कामाला सरस आहे आणि विंडोज ११ घेतो. आकडा पाच अंकी असेल, जसे १०१००, तर पहिले दोन अंक मिळून दहावी पिढी समजावी.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. २००९ साली घेतलेल्या माझ्या संगणकात कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि विंडोज ७ आहे. गावच्या शाळेचा इतिहास लिहितो आहे, दोनशे पाने झाली. अधूनमधून यूट्यूबवर कीर्तन ऐकतो आणि निवृत्तिवेतन जमा झाले का, तेही त्यावरच पाहतो. मुलगा म्हणतो की वीजच जास्त खातो, काढून टाका. (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर: विजेचा हिशेब आधी संपवू. असा संगणक आणि पडदा मिळून शंभर वॅट धरले आणि आपण रोज चार तास लिहीत असाल, तर महिन्याला बारा युनिट होतात. लॅपटॉप तीस वॅट धरला तर साडेतीन-चार युनिट होतील. महिना आठ युनिटांसाठी हाताला बसलेला कळफलक कोणी फेकू नये.

निवृत्तिवेतनाचे खाते मात्र या संगणकावर आजपासून उघडू नये, आणि याबाबत मी मुलाच्या बाजूचा आहे. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी संपली आणि क्रोम ब्राउझरने २०२३ च्या प्रारंभी १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ ला रामराम केला. खाते पाहण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. विंडोज ११ चा विचारही करू नका. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून तिला प्रोसेसरमध्ये ज्या सूचना लागतात, त्या कोअर टू ड्युओमध्ये नाहीतच, त्यामुळे आडवाटही बंद आहे.

उरतो लेखनाचा प्रश्न, आणि त्यासाठी हा संगणक अजून चांगला आहे. आपल्या मदरबोर्डला बहुधा जास्तीत जास्त ४ जीबी डीडीआर-२ रॅम चालेल. तेवढी करून घ्यावी आणि त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवावी. तिला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी सुचवलेली आहे, म्हणजे आपण काठावरून आत येता. ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. आठवडाभर तसे वापरून पाहावे आणि मग ठरवावे. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहे, लेखनासाठी लिब्रे ऑफिस आहे आणि दोनशे पानांचे पुस्तक त्याला जड नाही. कीर्तन ऐकताना चित्र अडखळेल, कारण यूट्यूब हल्ली व्हिडिओ ज्या पद्धतींनी आवळून पाठवते, त्या उलगडण्याची सोय त्या काळातील यंत्रात नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. दर्जा कमी केला की बरे चालते. कीर्तनात ऐकणे महत्त्वाचे, असे मी आपल्याला सांगायला नको.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. ही दोनशे पाने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षर-पद्धतीत, आहेत की जुन्या एखाद्या फॉन्टमध्ये? मजकुराचा एक परिच्छेद ई-मेलमध्ये चिकटवून पाहा. मराठी दिसली तर निश्चिंत राहा. इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसली तर पुढील उत्तर आपल्यासाठीही आहे.

प्रश्न: वाईत आमचे छोटे डीटीपी आणि छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रके, मंडळांचे अहवाल ही कामे वीस वर्षे विंडोज एक्सपीच्या एकाच संगणकावर पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. श्रीलिपीचे लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ती चालत नाही तो छोटा जोड, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावलेले आहे. नव्या संगणकाला ते पोर्टच नाही. हा संगणक मेला तर आमचे काय? (एक वाचक, वाई)

उत्तर: आलेल्या सगळ्या पत्रांत ज्याचा संगणक मी निःशंकपणे ठेवायला सांगेन, असे आपणच आहात, कारण आपल्या बाबतीत संगणक हे साधन नसून त्यातील जुन्या फायली उघडणारी किल्ली आहे. पेजमेकर ७ हे २००१ सालचे, त्यानंतर ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने आपला सगळा जोर इनडिझाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवला. एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. दोन्ही गोष्टी परत येणार नाहीत. तेव्हा या यंत्राला एखाद्या जुन्या छपाई यंत्राप्रमाणे वागवावे: जे काम त्याचे, तेवढेच त्याच्याकडून घ्यावे आणि त्याचे सुटे भाग जपून ठेवावेत.

पहिले काम म्हणजे इंटरनेटची वायर काढून ठेवणे. ग्राहकाची ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो हे सगळे दुसऱ्या, नव्या संगणकावर घ्यावे आणि तयार काम ने-आण करण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह ठरवून ठेवावा. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह एक्सपीला कधीही लावू नये. दुसरे काम म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. क्लोनझिला नावाची मोफत प्रणाली संपूर्ण डिस्क, एक्सपीसकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवते. वीस वर्षांची डिस्क आज चालते यात तिचा मोठेपणा आहे, तिच्यावर आपला हक्क नाही. हे काम पुढच्या लग्नसराईआधी व्हावे. तिसरे, झाकण काढून मदरबोर्डवरील नळकांड्यांसारखे कपॅसिटर पाहावेत. त्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले किंवा फुटून तपकिरी द्रव आलेले दिसले तर संगणकाच्या दुकानापेक्षा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा, तो ते बदलून देतो. त्याच मॉडेलचा एखादा बंद पडलेला संगणक भंगारात मिळाला तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि बोर्डासाठी घेऊन ठेवावा.

लॉकविषयी एक सावधगिरी. यूएसबीला लावायची एक वायर मिळते, जिच्या दुसऱ्या टोकाला तसेच जुने पोर्ट असते, आणि ‘लावा, चालेल’ असे दुकानदार सांगतो. ती वायर फक्त प्रिंटरसाठी केलेली असते, लॉक तिच्यामागे सहसा ओळखले जात नाही. आपले लॉक यूएसबीचे असते, तर नव्या संगणकाच्या पोटात व्हर्च्युअल बॉक्ससारख्या सोयीने एक्सपी चालवून पाहता आला असता. प्रिंटर पोर्टच्या लॉकसाठी जुने पोर्ट असलेले यंत्रच खात्रीचे.

आता खरे दुखणे. त्या काळातील मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो. फॉन्ट वर असेपर्यंत आपल्याला मराठी दिसते, फॉन्ट गेला की सोंग उतरते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये मात्र १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःची जागा आहे, त्यामुळे ‘क’ हा कुठेही ‘क’च राहतो. जुन्यातून नव्यात मजकूर बदलून देणारी साधने आहेत, पण ती कुठे ठेचकाळतात हे माहीत असावे. ‘कि’ लिहिताना जुन्या पद्धतीत डोळ्यांना दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी आणि मग ‘क’ साठवला जाई; युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट: ‘सूर्य’ या शब्दात रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये तो ‘य’च्या आधी येतो. त्यामुळे बदललेल्या मजकुरात ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘वार्षिक’ असे शब्द नेमके निसटतात, आणि पत्रिकेवर निसटलेला रफार व्याह्यांच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून वीस वर्षांचा सगळा साठा बदलत बसू नये. ज्या मंडळाचा अहवाल दर वर्षी येतो, त्याचीच फाइल काम येईल तेव्हा बदलावी आणि एकाने वाचून, दुसऱ्याने ऐकून तपासावी. नवी कामे आजपासून युनिकोडमध्ये सुरू करावीत. जुना संगणक मग आपोआप कमी कामाचा होत जाईल आणि त्याच्या मरणाची धास्तीही त्या प्रमाणात कमी होईल.

प्रश्न: लॅपटॉप २०१६ चा आहे, चांगला चालतो, पण महिन्याभरात टचपॅड एका बाजूने वर आला आहे. आता काढावा का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर: हे पत्र वाचून होताच लॅपटॉपचा चार्जर काढावा. टचपॅड वर येत नाही, त्याच्याखालची लिथियम बॅटरी फुगून त्याला उचलते आहे. ती दाबू नये, टोचू नये, घरी उघडू नये आणि तोवर लॅपटॉप चार्ज करू नये; दुकानात बॅटरी काढून घेतली की पुष्कळसे लॅपटॉप नुसत्या चार्जरवरही चालतात. बॅटरी बदलल्यावर लॅपटॉप ठेवायचा की नाही, याचे उत्तर प्रोसेसरच्या आकड्यावरून पहिल्या उत्तराप्रमाणेच काढता येईल.

प्रश्न: नवा संगणक घेतला. जुना चालतो, पण नको आहे. भंगारवाला चारशे रुपये देतो म्हणतो. घरचे म्हणतात जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या. त्यात दुकानाचे २०१८ पासूनचे हिशेब आहेत, ते नव्यात उतरवले आहेत. (एक वाचक, सांगली)

उत्तर: भंगारवाल्याकडे गेलेला बोर्ड पुढे कुठेतरी तांब्यासाठी जाळला जातो किंवा आम्लात टाकला जातो, आणि जुन्या डाखात शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशा मालाची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण तो ई-कचरा संकलन केंद्राकडे किंवा त्याच कंपनीच्या विक्रेत्यामार्फत द्यावा. चारशे रुपये बुडतील, त्याला इलाज नाही.

शाळेला द्यायचा असेल तर तो आपण स्वतः आणखी वर्षभर वापरला असता का, हे आधी स्वतःला विचारावे. माउस नसलेले, पासवर्ड विसरलेले, सुरू होताना तीन वेळा बटण दाबावे लागणारे दान शाळेच्या एका खोलीत वस्त्राखाली झाकून राहते आणि दप्तरी नोंद असल्यामुळे मुख्याध्यापकांना ते टाकताही येत नाही. द्यायचाच तर लिनक्स बसवून, कळफलक-माउससह, एकदा शिक्षकांसमोर चालवून द्यावा.

काहीही केले तरी त्यातील डिस्क देऊ नये. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षीचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. नव्या संगणकात उतरवले ही एकच प्रत झाली, आणि एका प्रतीचे काय होते ते आपल्या शहराला सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी वाढू लागले तेव्हा माझ्या परिचयातील एका दुकानदाराने संगणक जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला, बॅकअपची डिस्क त्याच्याच शेजारी ठेवली आणि कुलूप लावून तो निघून गेला. पाणी टेबलाच्या वर चढले. पूर ओसरल्यावर दोन्ही डिस्क त्याने उन्हात वाळवल्या आणि ‘बघू तरी’ म्हणून एक लावून पाहिली. हार्ड डिस्कला हवा खेळती राहण्यासाठी एक बारीक छिद्र असते. त्यातून शिरलेला गाळ तबकडीवर वाळून बसला होता आणि फिरायला लागताच त्याने ती खरवडली. न लावता तशीच तज्ज्ञांकडे नेली असती तर काही हाती लागले असते. दुसरी डिस्क त्याने मग लावली नाही. तिच्यातील बराचसा हिशेब नंतर परत मिळाला.

आपल्या डिस्कला चार स्क्रू आहेत आणि दोन वायर. त्या काढून, वर साल लिहून ती वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवावी, आणि सहा महिन्यांतून एकदा नव्या संगणकाला लावून एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. ७२ महिने उलटल्यावर ती द्यायची झालीच, तर नुसते डिलीट करून भागत नाही. संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्यावीत किंवा तबकडीला आरपार दोन भोके पाडून मग ती संकलन केंद्राकडे द्यावी. कॅबिनेट, एसएमपीएस आणि पडदा मात्र आजच द्यायला हरकत नाही.